बैठक मोडली नाही

बाबा, तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता मला थोडं थांबावं लागतं. आपल्या बोलीत बापाला तूच म्हणतात, म्हणून तूच लिहिते. शाळेत मुलांना मात्र नोकरीभर 'वडिलांना तुम्ही म्हणायचं' असंच शिकवत आले. तुला वाचता येत नव्हतं आणि आपली बोली मला लिहिता येत नाही, तेव्हा हे मराठीत चाललंय. राग मानू नकोस. जे झालं ते बैठकीबद्दलचं आहे, आणि गावाच्या बैठकीतलं तुझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

मला तो दिवस आठवतो. मी आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली, पायात तू खापर गावच्या बाजारातून आणलेल्या चपला, वाढत्या पायाच्या मापानं घेतलेल्या, त्यामुळे चालताना फटक फटक वाजणाऱ्या. गावदिवाळी आपल्याकडे गावागणिक वेगळ्या दिवशी, तर तो दिवस ठरवायला माणसं आपल्या अंगणात बसली आहेत. तू कारभारी, पण बोलतोस सगळ्यांत कमी. बोलणं बरंच पुढे गेलंय आणि मध्येच वरच्या पाड्यावरचा म्हातारा उठतो, धोतराची धूळ झटकतो आणि एक शब्द न बोलता चालायला लागतो. तू म्हणतोस, "मोडली." बस, सगळे उठले, आपापल्या घरी गेले. मला हसू आलं होतं. आई दुखण्यानं पडली होती म्हणून त्या दिवशी चुलीपुढे तूच; मी तुझ्या शेजारी बसून शाळेतली हुशारी पाजळली, की एवढं कशाला, हात वर करायला सांगायचे आणि मोजायचे, जिकडे जास्त तिकडचा दिवस. तू मक्याची भाकर तव्यावरून उतरवलीस आणि माझ्याकडे न बघताच रागावलास. "ज्याचा हात खाली राहिला, त्याला काय नदीत टाकायचं? त्याच्यासोबतच राहायचं ना आपल्याला?" दुसऱ्या दिवशी तू त्या म्हाताऱ्याच्या अंगणात जाऊन बसलास. विषय काढला नाहीस, नुसता बसलास. संध्याकाळी तो स्वतःच बोलला. त्याची सून बाळंत होणार होती आणि त्याला दिवस थोडा पुढे हवा होता, एवढंच. गावाची दिवाळी पुढे गेली. मला तेव्हा तुझा फार राग आला होता, कारण तोवर माझी सुट्टी संपली होती.

आता आजचं सांगते. सरकारनं जिल्ह्यात एक सल्लागार समिती नेमली. खाणी, कारखाने, त्यांची धूळ, घाण पाणी, हे कुणाच्या वाट्याला येतं आणि का येतं, यावर लोकांचं ऐकायचं आणि सरकारला सल्ला द्यायचा. त्याला पर्यावरणीय न्याय म्हणतात. मी निवृत्त शिक्षिका, बाई आणि वर आदिवासी. एका नेमणुकीत त्यांचे तिन्ही रकाने भरले. मला हे तेव्हाही कळत होतं, पण तरीही मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. पहिलाच विषय आला तो आपल्याच गावाचा. गावामागच्या डोंगरावर दगडाची खाण आणि खडी फोडायची यंत्रं बसवायची आहेत. डोंगराच्या पायथ्याचा नाला तुला माहीत आहे. उन्हाळ्यात बाया त्याच्या वाळूत खड्डा करून झिरा काढतात आणि वाटी वाटीनं हंडा भरतात. सुरुंगाचे हादरे बसले की ते पाणी खाली निघून जाईल, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. दुसरं पाणी गावाला नाही. ते गेलं की गाव उठलं.

मी गावात गेले. काकी, तुझ्या धाकट्या भावाची बायको, आता गावात तीच सगळ्यांत मोठी. तिनं विचारलं, "तिथं कसं बोलायचं असतं?" माझं ऊर तेव्हा भरून आलेलं. मी म्हटलं, "काकी, तुमचंच ऐकायला बोलावलंय. आपल्या बैठकीत करता तसंच करा." हे वाक्य मीच बोलले, बाबा. कुणी मला बोलायला लावलं नव्हतं.

तालुक्याच्या सभागृहात सुनावणी झाली. पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या, मागच्या टेबलावर जेवणाची पाकिटं. आपली माणसं जीप करून आली होती, बाया डोक्यावरून धुतलेल्या फडक्या पांघरून. खाणवाल्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, धूळ उडू नये म्हणून पाणी कसं मारणार ते सांगितलं. पाणी कुठून आणणार ते नाही सांगितलं. मग अध्यक्ष म्हणाले, "आता ग्रामस्थांनी आपलं म्हणणं मांडावं. आधी नाव, मग गाव, मग थोडक्यात मुद्दा." माइक फिरत काकीपर्यंत गेला. तिनं तो हातात घेतला नाही. ती उठली, फडकी झटकली आणि दाराकडे चालायला लागली. तिच्यामागून तिची सून, मग पाटलाचा मुलगा, मग अख्खी रांग. कुणी घाई केली नाही, कुणी मागे पाहिलं नाही. खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि मी त्या मंचावर बसून अभिमानानं रडायच्या बेतात आले. एक माणूस उठला तर बैठक मोडते, इथं तर गावच उठलं होतं. याहून मोठा नकार मी जन्मात पाहिला नव्हता.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जेवायला गेले वाटतं."

मी माइक ओढून घेतला. सगळं सांगितलं, उठून जाणं म्हणजे काय, मोडणं म्हणजे काय, आता यापुढे विचारणाऱ्यानं त्यांच्या अंगणात जाऊन बसायचं असतं ते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चांगला माणूस आहे, आवाजसुद्धा चढवत नाही. "मॅडम, भावना पोचल्या. पण इतिवृत्तात बोललेलंच येतं." बाहेर काकी जीपमध्ये बसली होती. मला बघून तिनं मान हलवली, काम झाल्यासारखी.

पुढची सभा नंदुरबारला झाली. तिथं सल्ल्याचा मसुदा वाचून दाखवला. 'उपस्थित ग्रामस्थांनी सादरीकरण शांततेत ऐकून घेतले. कोणीही हरकत घेतली नाही. सबब प्रस्तावास स्थानिकांचा विरोध नसल्याचे समितीचे मत आहे.' मी भांडले. माझी वेगळी टिप्पणी शेवटी जोडू म्हणाले, जोडलीही असेल. मग मला राहवलं नाही आणि मी तेच केलं जे तुझ्या अंगणात लहानपणी पाहिलं होतं. उठले, पदर झटकला, काही न बोलता बाहेर आले. दारापाशी थांबले. कुणीतरी 'मोडली' म्हणेल असं मला खरंच वाटत होतं. या वयात, एवढी शिकलेली बाई. आतून आवाज आला, "पुढचा विषय."

समितीत कळसाडीकडचे एक शेतकरी आहेत, उसाचे. ते माझ्यामागून आले, हातात माझ्यासाठी चहा घेऊन. म्हणाले, "ताई, काबरं उठी उन्यात? हजेरीवर सही तं तुम्ही पहिलेच करी दिधी शे. आते काही उपेग नही." मी म्हटलं, निदान आमची माणसं माइकवर बोलली असती तर. ते कसनुसं हसले. "मी बोलनू व्हतू ना माइकवर. मन्हा वावरमा कारखानानं पाणी घुसस, ते सांगं. समदं लिखी लिधं त्यासनी. पाणी आजबी घुसस." आम्ही जिन्यात उभे होतो. त्यांना परत आत जायचं होतं, त्यांचा विषय अजून यायचा होता. मी चहा संपवला.

मला तेव्हापासून झोप कमी लागते. आधी वाटायचं, चूक माझी. मी त्यांना दोन वाक्यं पाठ करून द्यायला हवी होती. जिन्यातल्या त्या बोलण्यानंतर तेही वाटेनासं झालं, आणि ते जास्त वाईट आहे. माझी चूक असती तर पुढच्या वेळी सुधारता आली असती. पण बोललेला माणूस आणि न बोललेला माणूस दोघांचं एकच झालं, तर मग ऐकायला बसलेले होते तरी कशाला? आणि त्यांच्या रांगेत मी कशाला? तू असतास तर मला रागावलास तरी असतास. इथं कुणी रागवतही नाही. सल्ला गेला, वर मंजूर झाला, आणि पाऊस उघडला की डोंगरावर रस्ता करायला यंत्रं येतील असं कळलंय. कोर्टात जाता येईल असं एका वकिलानं सांगितलं, पण तो माझ्याशी बोलताना सारखा त्या इतिवृत्तातल्या वाक्यावर बोट ठेवत होता.

गेल्या आठवड्यात मी गावात गेले, हे सगळं सांगायलाच. काकीचं अंगण सारवलेलं होतं. खाट बाहेर काढलेली, तिच्यावर चांगली गोधडी. मी विचारलं, पाहुणे येणार का? ती म्हणाली, "तो साहेब येणार ना. आपण मोडली, आता त्यानं येऊन बसायला पाहिजे. येईल तेव्हा कोंबडी कापू, उपाशी कसा पाठवायचा? माझ्या मनात राग नाही. पाण्याचं सांगेन, त्याला कळेल." रोज सारवते, सून सांगत होती. गावात सगळे हलके झालेत, डोंगर वाचला म्हणतात. काकीनं मला जेवायला वाढलं आणि जवळ बसून विचारलं, "कधी येतो म्हणाला?"

मी म्हटलं, "येईल, काकी. पावसानंतर."

बाबा, हे पत्र खरं तर तुझ्यासाठी नाही. काकीला सांगायचं आहे ते आधी तुझ्याजवळ बोलून बघितलं, कारण तू उलट काही विचारणार नाहीस. अजून जमत नाही.