खळग्यातला गारठा

४ जाने. ७१, सोम.
सरांनी कचेरीतून तापमानाचं पत्रक परत पाठवलं. वर तांबड्या पेन्सिलीने: 'दोन्ही रकाने उलट लिहिले गेले आहेत. दुरुस्त करून सही करावी.'
उलट नाहीत. पहाटेचं किमान: माळावरच्या तापमापकाच्या पेटीत ९.५ अंश, ओढ्याजवळच्या खळग्यात ५.०. पुस्तकाप्रमाणे उंचावर गार हवं. इथे दीडशे फूट खाली गार. मलाही पटत नाही, पण वाचलं ते हेच.
पपईची रोपं खळग्यात लावायची ठरलीत, पाणी जवळ म्हणून. खड्डेही झाले.

५ जाने.
दोन्ही तापमापकांची अदलाबदल केली. दोष काचेत असेल तर आकडेही जागा बदलतील.

६ जाने.
बदलले नाहीत. वर ९.०, खाली ४.५.
मधल्या उतारावर ठकूबाई धनगरणीच्या मेंढ्या बसतात, रात्रभर, शेताला खत मिळावं म्हणून. मुकादम आजही म्हणाला, "मावशी, खालच्या वावरात बसवा की. खत तिथं पायजे."
"तू झोप की तिथं उघडा. सकाळी मी येती उठवाया."
कामावरच्या बायका हसल्या. मग ठकूबाई मला म्हणाल्या, "खाली कोकरं आखडत्यात, बाई. गारठा पान्यावानी उतारानं येतो न् खळग्यात साचतो."
हे कधी कळलं?
"मेली तवा."

७ जाने.
उजाडायच्या आधी ठकूबाईंबरोबर उतार उतरले. एका बांधापाशी गारवा घोट्यांना लागला, चार पावलांनी गुडघ्यांना. नदीत उतरावं तसा. खाली मुकादमाच्या चुलीचा धूर बाभळीच्या शेंड्यापर्यंत गेला आणि तिथेच आडवा पसरला. झाकण.
निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडते, लगतची हवा गार होते, जड होते, खाली वाहते. हे परीक्षेत लिहिलं होतं. पूर्ण गुण. पायांना आज कळलं.

८ जाने.
संध्याकाळी आभाळ भरून आलं. ठकूबाईंनी मेंढ्या सरळ खळग्यात नेल्या. मुकादम बघतच राहिला.
"आज न्हाई साचायचा गारठा. वर घोंगडं हाय."


९ जाने.
वर १३.०, खाली १२.५. फरक अर्धा अंश. कोकरं सगळी उभी.
माझी पेटी झालेलं सांगते. ही बाई होणारं सांगते, तेही मान वर करून एकदाच बघून.
पत्रक न बदलता पाठवलं. शेऱ्याच्या रकान्यात: 'ठकूबाई, मेंढपाळ, यांनी आदल्या संध्याकाळी सांगितले होते.' त्या रकान्यात आजवर फक्त पाऊस आणि धुकं लिहिलं. सही केली. सर मला इथून हलवतीलही.

११ जाने., सोम.
सर आले. शेऱ्याबद्दल एक शब्द नाही. फक्त, "उद्या पहाटे मी स्वतः वाचतो. लागवड थांबवायची नाही."
दुपारपर्यंत निम्मी रोपं खळग्यात लागली. उरलेली मी वर, मेंढ्यांच्या बांधाशेजारी ठेवायला लावली. सरांना विचारलं नाही.
चारनंतर आभाळ निवळलं. वारा पडला. सर म्हणाले, "वा, छान हवा आहे."
ठकूबाईंनी वर पाहिलं आणि मेंढ्यांभोवतीचं जाळं उपटून एक बांध आणखी वर रोवलं.