सर्वांत वेगवान फेरी कोणाची

क्रॉयडन, २२ सप्टेंबर

चि. शशिकांत यास प्रमोदिनीताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं त्यात तू विषय बदललेला असतोस. म्हणून हे पत्र.

काल सुचेताचा मेसेज आला. तुझी सून चहाड्या करणारी नाही, म्हणजे डोक्यावरून पाणी गेलं असणार. दर शनिवारी तू गाडी काढून हाय स्ट्रीटवरच्या पैजांच्या दुकानात जातोस आणि रविवारच्या मोटारशर्यतीत सर्वांत वेगवान फेरी कोणत्या टीमची, यावर एक पौंड लावतोस म्हणे. पौंड गेला तर जाऊ दे. पण परवा येताना शेजाऱ्यांची कुंपणाची भिंत पाडलीस आणि वर म्हणालास की भिंतच पुढे आली होती! अरे, शहात्तर वर्षांचा घोडा झालास!

पुढच्या महिन्यात तुझं लायसन्स संपतंय. सत्तरीनंतर 'मला नीट दिसतं' असं आपणच लिहून द्यायचं, असला भाबडा कायदा आहे इथला. त्या फॉर्मवर सही करू नकोस. त्याच गाडीतून तू नातीला, तनिषाला, स्टॅनमोरला बॅडमिंटनला नेतोस. नऊ वर्षांची पोर आहे ती. मला झोप लागत नाही.

उत्तर लगेच पाठव. तब्येतीला जप, आणि भिंतींनाही.

तुझी
ताई

हॅरो, २५ सप्टेंबर

ती. ताईस शशिकांतचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कान उपटायचे तर पोस्टाने उपटावेत, ही तुझी जुनीच पद्धत. चाळीस वर्षं या देशात प्रॅक्टिस केली, एकदाही साधा दंड भरलेला नाही. भिंत आधीच हलत होती.

खरं सांगू? आशा गेल्यापासून या घरात माझ्या मर्जीने चालणारी गाडी ही एकच वस्तू उरली आहे. टीव्ही तनिषाचा, स्वयंपाकघर सुचेताचं. गाडी गेली की मी खिडकीतला म्हातारा.

तरी तू ऐकणार नाहीस, म्हणून एक तोड काढतो. पाच तारखेच्या शर्यतीत वेगवान फेरी माझ्या टीमने मारली तर मी फॉर्मवर सही करणार आणि तू अवाक्षर काढायचं नाहीस. तुझ्या टीमने मारली तर गाडी सोडली. माझी टीम हॅलार्ड, निळ्या गाड्यांवाली. यंदा सगळं तेच जिंकताहेत. राहिलेल्यांतून तू हवी ती घे.

कळावे. रागाबरोबर थोडी मायाही पाठवत जा.

तुझा
शशी

क्रॉयडन, २८ सप्टेंबर

चि. शशिकांत यास अ. आ., वि. वि.

माणसाच्या जिवाची पैज लावणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला. पण तू दुसऱ्या कशाने ऐकायचा नाहीस हेही मला ठाऊक आहे. मंजूर. माझी टीम ट्रेव्हिन. हो, तीच, दरवेळी सगळ्यांत शेवटी येणारी. हस खुशाल. वचन मोडलंस तर भाऊबीजेला माझ्या दारात येऊ नकोस.

ताई

हॅरो, ६ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

जिंकलो! हॅलार्ड पहिली आली आणि वेगवान फेरीही तिचीच. पडद्यावर वेगवान फेरीची ती जांभळी पट्टी हॅलार्डच्या नावावर झळकली, ती मी खुर्चीत बसून स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. बाकीचे बाहेर गेले होते, नाहीतर साक्षीला असते. तुझी ट्रेव्हिन बिचारी शेवटून पहिली! आज फॉर्मवर सही करतोय. भाऊबीजेला गाडीनेच येतो, पुरणपोळी तयार ठेव.

तुझा विजयी भाऊ
शशी

क्रॉयडन, ८ ऑक्टोबर

चि. शशिकांत यास अ. आ., वि. वि.

तुझं पत्र वाचलं. मी आणि अपूर्व इथे पूर्ण शर्यत बघत बसलो होतो. या माझ्या नातवानेच मला ट्रेव्हिन घ्यायला सांगितलं होतं. शेवटच्याला गमवायला काही नसतं; तो शर्यत संपता संपता नवे टायर चढवतो आणि एकच फेरी सुसाट मारतो. पुढचे मात्र झिजल्या टायरवर जपून चालवतात. रविवारी झालंही तसंच. जांभळी पट्टी ट्रेव्हिनच्या नावावर होती, शशी. यादीच्या तळाशी. तू सांगतोस ती यादीची पहिली ओळ.

तू खोटं बोलत नाहीस, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणूनच विचारते, सहा फुटांवरून तुला नेमकं काय दिसलं?

ताई

हॅरो, १२ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पट्टी मला दिसलीच नाही. नावं तर वर्षभर दिसत नाहीत, गाड्यांच्या मोठाल्या रंगांवरून चालवून घेतो. जो पहिला आला त्याचीच फेरी वेगवान असणार, असं धरून चाललो, आणि मग ते दिसल्यासारखंही वाटलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, असं हॉस्पिटलने मार्चमध्येच कळवलं होतं. ते पत्र मी कपाटात, आशाच्या साड्यांखाली ठेवलं.

आणखी एक सांगतो, मग हवं ते बोल. गेला महिनाभर स्टॅनमोरच्या वाटेवर सिग्नलचा रंग मला तनिषा सांगते. मागच्या सीटवरून. मी तिला सांगितलंय की हा आपला दोघांचा खेळ आहे, आईला बोलायचं नाही. काल तिने मला विचारलं, आजोबा, मी चुकले तर काय होईल?

सही केलेला फॉर्म अजून पोस्टात टाकला नव्हता, तो फाडला. लायसन्सच्या ऑफिसला खरं काय ते कळवलं. किल्ली सुचेताच्या हातात दिली, तेव्हा ती रडली. भाऊबीजेला ट्रेनने येईन. गाडी बदलताना फलाटावरच्या पाट्या कोणालातरी विचारीन. जमेल.

तुझा
शशी

क्रॉयडन, १४ ऑक्टोबर

चि. शशिकांत यास अनेक, अनेक आशीर्वाद, वि. वि.

मार्चपासून! तुला बडवायला हवं, आणि भेटलास की मी बडवणार आहे. तनिषाला सांग, ती जिंकली, खेळ संपला.

आणि अनोळखी माणसांना पाट्या विचारत फिरायचं काही कारण नाही. भाऊबीजेला सकाळी मीच हॅरोला येते, तिथून दोघं बरोबर येऊ. ट्रेनमधल्या सूचना मला ऐकू येत नाहीत, त्या तू ऐकायच्या. पाट्या मी वाचेन.

स्वेटर घालून तयार राहा.

तुझी
ताई