मामीबरोबर नाशिकला गेलेला पासवर्ड

सांडोर, वसई
(तारीख टाकत नाही. पत्र परवापासून लिहितोय, त्यातली कुठली टाकू?)

प्रिय मेघनाताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, छोट्या ऋतिकाला पापा आणि मामीला काहीच नाही, कारण हे पत्र तिच्या हाती लागता कामा नये.

लिहायला उशीर झाला हे आधीच कबूल करतो. मामी रुसून तुझ्याकडे आली त्याच दिवशी लिहायचं ठरवलं होतं. पण पेन मिळेना. या घरात पेनं चिक्कार आहेत, पण सगळी कुणाच्या ना कुणाच्या लग्नात वाटलेली आणि लग्नाआधीच सुकलेली. नवं आणायला पापडीला गेलो, तर तिथे एक माणूस मोडकं हार्मोनियम सायकलला बांधून घेऊन चालला होता. ते कुठून आलं आणि कुठे जाणार, हे विचारता विचारता मी त्याच्याबरोबर पार किल्ल्यापर्यंत गेलो. (हार्मोनियम दुरुस्त होणार नाही, त्यात कोंबडी बसवणार आहेत.) दुसऱ्या दिवशी पेन होतं, कागद नव्हता. तिसऱ्या दिवशी दोन्ही होतं, पण लाज वाटत होती. खरं कारण हे शेवटचं.

तू म्हणशील, फोन आहे की. आहे, पण तुझ्या फोनवर दिवसभर मामी रील बघत असते. परवा मी तुला ‘कशी आहेस’ पाठवलं, तर ‘मी बरी आहे, तू डोक्याला तेल लावतोस का’ असं उत्तर आलं, तेव्हाच ओळखलं. म्हणून हे पत्र राजोडीच्या क्लिफर्डच्या हाती देतोय. त्याचा मासळीचा टेम्पो नाशिकला येतो. कागदाला बोंबलाचा वास आला तर तो माझा समजू नकोस.

इकडे सगळे बरे आहेत. आजीचा गुडघा पूर्वीसारखाच बोलका आहे. तुझे बाबा, म्हणजे एकनाथमामा, दोन्ही वेळा स्वतः खिचडी करतात आणि दोन्ही वेळा मीठ कोण विसरलं म्हणून इतरांना विचारतात. मामीने तुला ‘हवापालट करायला आले’ असं सांगितलं असणार. ताई, सांडोरच्या केळीच्या वाडीतून कुणी हवापालटाला नाशिकच्या तिसऱ्या मजल्यावर जात नाही. काय झालं ते मी सांगतो, कारण थोडंसं माझ्यामुळेच झालं.

सुरुवात हळदीपासून झाली. शेजारच्या हर्षवर्धनच्या हळदीचा व्हिडिओ एका पेनड्राइव्हवर होता आणि तो घरोघर फिरत होता, कारण आपल्याकडे हळदीत नाचलेला माणूस आपण कसे नाचलो ते बघितल्याशिवाय शांत होत नाही (आणि बघितल्यावर तर अजिबातच होत नाही). आता आपल्या गावची रीत तुला माहीत आहे. शेजारून वाटीभर कालवण आलं, तर वाटी रिकामी परत जात नाही. लोकांनी तीच रीत पेनड्राइव्हला लावली. व्हिडिओ उतरवून घ्यायचा आणि रिकामा कसा पाठवायचा म्हणून आपल्याकडचं काहीतरी त्यात टाकून द्यायचं. कुणी बारशाचे फोटो टाकले, कुणी भजनं टाकली, एका घराने लोणच्याची कृती टाकली. आणि कुठल्यातरी एका घराने, प्रेमानेच, वर्म टाकला.

वर्म म्हणजे काय ते मी घरच्यांना नीट समजावून दिलं. व्हायरस हा दुसऱ्याच्या फाइलीच्या पाठुंगळी बसून येतो, ती फाइल कुणी उघडली तरच खाली उतरतो. वर्मचं तसं नाही. तो स्वतःच्या पायांनी येतो, कुणी बोलावलेलं नसतं, आल्या आल्या पसरतो आणि यजमानाला न सांगता पुढच्या घरी निघतो. (हे ऐकून आजीने मला वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं.) आपल्या कॉम्प्युटरवर त्याने सगळे फोल्डर लपवले आणि त्यांच्या जागी तशाच नावांची खोटी दारं लावली. दार उघडलं की आत तोच. मामांनी ‘सुकेळी’ नावाचा फोल्डर दिवसभर उघडला आणि दर वेळी त्याला एकेक नवं पिल्लू झालं. त्यात तुझ्या सुधाकाकाच्या राधिकाने आपल्या पेनड्राइव्हवरून शेजारच्या थेरेसा आंटीला चर्चच्या गाण्यांसाठी काहीतरी दिलं, म्हणजे तिकडेही गेला. मग कुणाकडून कुणाकडे गेला यावर गावात असे आरोप सुरू झाले, की तसे गालगुंडाच्या साथीतसुद्धा झाले नव्हते.

हे निस्तरायला मी पुढे झालो. तू विचारशील, तुला रे कुठून येतं. ताई, डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षी सोडला हे खरं, पण गोकर्णला एका हॉस्टेलात मी एका कॉम्प्युटर इंजिनिअरच्या वरच्या बंकवर झोपायचो आणि तो झोपेत बोलायचा. माझं पुढचं शिक्षण ते. त्याच्या जोरावर मी वर्म काढला, फोल्डर परत आणले आणि कॉम्प्युटरला तुंबलेले अपडेट दिले. ते तुंबले होते सुधामामामुळे. तुझा सुधाकाका गेली कित्येक वर्षं प्रत्येक अपडेटला ‘नंतर आठवण करा’ म्हणून दाबत होता. त्याला वाटायचं, दारावर आलेल्या विक्रेत्याला जसं सभ्यपणे टाळतात, तसं हे. त्या अपडेटांतच भिंतीची भोकं बुजवायचं सामान असतं हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग तसं बोलायचं ना त्यांनी. नुसतं आठवण करू का, आठवण करू का.”

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला आठवलं, की इंजिनिअर झोपेत आणखी एक गोष्ट सारखी बडबडायचा: घरातल्या प्रत्येकाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करू नका. आपल्या कॉम्प्युटरवर सगळेच एका नावाने बसायचे आणि ते नाव अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे आत काय घ्यायचं आणि बाहेर काय टाकायचं याचा हक्क सगळ्यांना. वर्म आत शिरला तो त्या हक्काच्या जोरावरच. तेव्हा हक्क एकाला, बाकीच्यांनी आपापल्या साध्या खात्यात बसावं, असं मी ओट्यावर सगळ्यांना बसवून सांगितलं. सुधामामाने विचारलं, म्हणजे घराचा कर्ता ठरवायचा का. मी म्हटलं, तसंच समज. ताई, तू या घरात वाढलीस, तुला कल्पना करता येईल. सुधामामा म्हणाला कॉम्प्युटर मी आणला. मामा म्हणाले, बसवलेला माझ्या खोलीत आहे. राधिका म्हणाली, तुम्हा दोघांना चालू तरी मीच करून देते. आजीने आपल्या घरच्या बोलीत जे सांगितलं ते कागदावर उतरवण्यासारखं नाही, पण मथितार्थ असा, की घर अजून तिच्या नावावर आहे आणि तिला त्या यंत्राला हात लावायचा नसला तरी त्याची मालकीण तीच. मामी तेवढी या वादात नव्हती. ती सोलून उन्हात वाळत घातलेल्या राजेळी केळ्यांवर, आपल्या सुकेळ्यांवर, मच्छरदाणी घालायला गेली होती.

शेवटी वडीलकीने मामा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर झाले. त्यांनी पासवर्ड ठरवायचा होता. त्यात मोठं अक्षर हवं, आकडा हवा, एखादं चिन्ह हवं, असं मी सांगितलं तेव्हा मामांनी त्रासून आत हाक मारली, “अगं, तू घाल काय ते आणि लक्षात ठेव.” आपल्या घरात मामांचा चष्मा, त्यांच्या गोळ्या, त्यांच्या सख्ख्या बहिणीचा वाढदिवस, सगळं मामीच लक्षात ठेवते, त्यामुळे यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मामी ओले हात पुसून आली, काहीतरी टाइप केलं आणि परत गेली. कर्ता मामा, किल्ली मामीकडे. मला तर व्यवस्था उत्तम वाटली.

मग प्रिंटर आला. मामीच्या सुकेळ्यांना यंदा पाकिटावर नाव हवं म्हणून तिनेच मागवला होता. थेरेसा आंटी बघायला आलेली. मामी आपल्या साध्या खात्यात बसली, प्रिंटर जोडला, तर पडद्यावर आलं, की तुम्हाला ही परवानगी नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला विचारा. खाली पासवर्डाची चौकट. मामीला तो पाठच होता, तिची बोटं टाइप करायला गेलीसुद्धा. तेवढ्यात झोपाळ्यावरून मामा म्हणाले, “आधी विचार की मग. लिहिलंय ना, विचारा म्हणून.”

गंमत म्हणूनच म्हणाले ते. थेरेसा आंटी हसली. सुधामामाही हसला. मी हसलो ते वेगळंच आठवून, पण हसलो. मामीने बोटं उचलली. म्हणाली, “या घरात मीठ संपल्याचंसुद्धा मी कुणाला विचारून ठरवलेलं नाही. आता हा डबा मला विचारून ये म्हणतो.” आवाज चढवला नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं. तिने प्रिंटर परत खोक्यात भरला, सुकेळी झाकली, आजीला औषध दिलं आणि बॅग घेऊन निघाली. आम्हाला वाटलं देवळात चालली.

तेव्हापासून अशी अवस्था आहे, की राधिकाचं खातं उघडतं, सुधामामाचं उघडतं, माझंही उघडतं. फक्त कर्त्याचं उघडत नाही. मामा रोज सकाळी कॉम्प्युटरपुढे बसून आपल्याच दारावर टकटक करतात. राजेळी टाकून झालं, बावखल टाकून झालं (मामीचं रोजचं निम्मं काम त्या तळ्यावर असतं, म्हणून), गेल्या पिढीतल्या बैलाचं नाव टाकून झालं. सुधामामा म्हणाला, “दादा, वहिनीचं नाव टाकून बघ.” मामा म्हणाले, “ते कशाला असेल.” तरी टाकायला घेतलं, आणि सुहासिनीचं स्पेलिंग त्यांना राधिकाला विचारावं लागलं. आजी भिंतीकडे बघून म्हणाली, नातवंडं झाली, अजून बायकोचं नाव येत नाही. नाव टाकलं. तेही नव्हतं. त्यावर मामांना बरं वाटलं की वाईट, हे त्यांच्या तोंडावरून कळेना. मग कॉम्प्युटरनेच, फार वेळा चुकलात, आता थोडं थांबा, असं सांगितलं.

मामीला फोन करून विचारा म्हटलं, तर म्हणतात, मी का करू, रुसली ती. तिकडे मामी म्हणत असेल, मी का सांगू, विचारलं कुणी? दरम्यान माझी सॅक मामांनी माळ्यावर टाकली आहे आणि डबा उघडल्याशिवाय हलायचं नाही असं बजावलं आहे. मी क्लिफर्डबरोबर मालवणला बोटीवर कामाला जायचं ठरलं होतं. त्याऐवजी मी केळीला टेकू लावतोय. एका जागी इतके दिवस मी शाळेत सोडून कुठेच राहिलेलो नाही.

तेव्हा ताई, एवढं कर. मामी खुशीत असेल, ऋतिकाला भरवत असेल, तेव्हा हळूच विषय काढून तो पासवर्ड विचार आणि मला कळव. मी मागितला असं सांगू नकोस, मामांनी मागितला असं तर मुळीच नको.

तुझा, टेकू लावलेला,
उमंग

ता. क. वरचं सगळं मामांनी वाचलं. ‘ते स्पेलिंगचं काढ’ एवढंच म्हणाले आणि पत्र परत दिलं. (काढलेलं नाही.) आता मी बावखलाच्या काठावर बसून लिहितोय, हे त्यांनी वाचलेलं नाही. ताई, पासवर्ड विचारू नकोस. मामी आपणहून सांगायला लागली तर कानात बोटं घाल. तो डबा चहा उकळेपर्यंत पासवर्डाशिवाय उघडून देता येतो, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि मी तोंड मिटून केळीला टेकू लावतोय. कारण डबा उघडला की मामांना मामीची गरज उरणार नाही. म्हणजे गरज उरेल, पण कारण उरणार नाही, आणि कारणाशिवाय हा माणूस नाशिकला यायचा नाही. काल त्यांनी मला विचारलं, नाशिकला द्राक्षं अजून असतील का रे. मे महिन्यात. तेव्हा गाडी हलते आहे. मामांचा फोन आलाच तर मामीने एवढंच म्हणावं, की असं फोनवर सांगायचं नसतं, येऊन घेऊन जा. यात सुरक्षेच्या दृष्टीनेही काही चूक नाही.

ता. ता. क. एका कॉम्प्युटरला दोन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर चालतात. हे मला परवा कळलं. इंजिनिअरच्या झोपेत तो भाग आला नसावा. मामी परत आली की करून देईन. हे तिला माझ्याकडून सांग, म्हणजे मी भेटेन तेव्हा तिचा राग निम्मा झालेला असेल.

पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि एक माणूस हातात बॅग घेऊन उतरला. नाव फेबियन, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मामीने नाशिकहून फोन करून पाठवलाय. सुकेळी लेबलांवाचून पडलीत, गपचूप डबा उघडून प्रिंटर चालू करून द्या, आणि मी सांगितलं हे घरात बोलू नका, असं तिने बजावलंय, हे त्याने फाटकातच मोठ्याने सांगितलं. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि लाइट गेली म्हणून त्याला ओट्यावर बसवलं. तेवढ्यात वाडीतून मामा आले. त्यांनी त्याची बॅग बघितली, थेरेसा आंटीकडे गरगरणारा मिक्सर ऐकला आणि मग माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “उमंग, आज लाइट यायची नाही ना?” मी म्हटलं, आज कठीण आहे. “मग या बिचाऱ्याला कशाला खोळंबवतोस,” म्हणाले, त्याला सुकेळी देऊन रिक्षेत बसवलं आणि घरात गेले. आता आत कपाटं उघडल्याचे आवाज येताहेत. बाहेरगावी जायचा त्यांचा सदरा कुठे असतो, ते तेवढं मामीला कळू न देता तिला विचारून कळव.