बोळ्यानं पुसलेला चुना

९ मार्च

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. साष्टांग लिहिलेला नाही. गुडघे दुखतात, आणि तुला तो खराही वाटला नसता. इकडे सगळे खुशाल. लॅब चालू आहे. मायक्रोस्कोप नवा घेतला. जुन्याचं चाक तुझ्यासारखं झालं होतं, एकदा अडलं की हलायचं नाव नाही. वहिनींची पाठ कशी आहे? व्यायाम करतात, की व्यायामाचं पत्रक नुसतं फ्रिजवर चिकटवलंय?

पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलं असेल. फोन तू उचलत नाहीस. उचललास तर वहिनींकडे देतोस, आणि मग आम्ही दोघी पाठीबद्दल बोलतो. म्हणून हे लॅबच्या गाडीवाल्याच्या हाती पाठवतेय.

धाकटीच्या लेकीचं गुरुवारी ऑपरेशन आहे, हे मला काल कळलं. सगळ्यात शेवटी कळलं याचं वाईट वाटून घेतलेलं नाही. आपल्या घरात दुखणं दाखवायचं थोरल्याला आणि रडायचं मधलीजवळ, म्हणजे माझ्याजवळ, ही वाटणी आईच्या वेळेपासूनची. तर कानापुढची ती गाठ तू सुई घालून तपासलीस, लाळग्रंथीचा कॅन्सर असा रिपोर्ट दिलास, आणि सर्जननं अख्खी ग्रंथी काढायचं ठरवलं. चेहरा हलवणारी नस तिच्या पोटातून जाते, हे तुला मी सांगायला नको. नस वाचेल का, असं धाकटीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आधी जीव, मग चेहरा." वाक्य छान आहे. त्याचा स्वतःचा चेहरा मी पाहिलाय. गेला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, म्हणून सुचलं असावं.

पण आपली पोर नकला करते, दादा. सगळं खानदान तिच्या गालांवर राहतं. मायक्रोस्कोपात बघताना तू एक भुवई चढवून 'हंऽ' करतोस, ते ती असं करते की वहिनी "आले का हे?" म्हणत वळून बघतात. अर्धा चेहरा लोंबल्यावर तिनं कोणाची नक्कल करायची?

काल ती सहज आली होती माझ्याकडे. सहज म्हणजे मी बोलावलं म्हणून. गाठ चाचपली. कातडी चिमटीत धरली की गाठ तिच्याबरोबर वर येते, खालच्या ग्रंथीवरून मोकळी सरकते. एका कडेला दाबलं की दुसरी कड उचलते, बागेतल्या सी-सॉसारखी. आणि टणक म्हणजे दगड. ग्रंथीतली गाठ कातडीला अशी लटकून राहत नाही.

तुला एकच विचारायचंय. सुई आत गेली तेव्हा टोकाला काही खरखरीत लागलं होतं का? आठवून कळव. गुरुवारच्या आत कळव.

तुझी बहीण

११ मार्च

दादा,

चिठ्ठी मिळाली. मी विचारलं होतं, सुईला काय लागलं? तू उलट विचारतोस, "स्लाइड्स तुला कोणी दिल्या?" मी स्लाइड्सचं नावसुद्धा काढलं नव्हतं. म्हणजे डोकं अजून शाबूत आहे तुझं, बरं वाटलं.

धाकटीनं दिल्या. सर्जनला हव्यात असं सांगून तुझ्याकडून नेल्या आणि पर्समध्ये कंगव्याशेजारी घालून माझ्याकडे आणल्या.

"दादाला सांगू नकोस हं."

"नाही सांगत."

सांगितलं. तिच्यावर नंतर ओरड, आधी हे वाच.

काचा तुझ्याच, ओळखायला नाव बघावं लागलं नाही. थर इतका एकसारखा की हेवा वाटावा. काळ्याभोर पेशींचे थवेच्या थवे, केंद्रकं मोठी, विभाजन जोरात. तेवढंच बघून मीही घाबरले. पण शेवटच्या काचेच्या टोकाला, लेबलला खेटून, जिथं आपण कोणी फिरकत नाही, तिथं फिक्या पेशींचा एक तुकडा पडलाय. बाहेरची रेघ जशीच्या तशी, मध्ये केंद्रकाच्या जागी पोकळी. घर उभं आहे, आत माणूस नाही. भूतपेशी. केसाच्या मुळातून उठणाऱ्या त्या निरुपद्रवी गाठीत त्या ढिगानं सापडतात, चुन्याच्या जोडीनं. लाळग्रंथीच्या कॅन्सरात त्यांचं काय काम?

ढीग कुठे गेला तेही मला ठाऊक आहे. पोरच म्हणाली, "मावशी, मामानं सुई घातली ना, तेव्हा आत खडू मोडल्यासारखं झालं. मग काचेवर पांढरे कण पडले. मामा म्हणाला, 'काय हा कचरा', आणि बोळ्यानं पुसून टाकले." पुसणारच तू. कणांनी थर ओरखडतो, वरची काच बसत नाही. पण रोगाचं नाव त्या कचऱ्यातच होतं, दादा. तू ते स्वच्छ करून टाकून दिलंस.

हे लिहायचं नव्हतं मला. परवाच्या पत्रात वहिनींची पाठ आणि फ्रिज आणला तो हे टाळायलाच.

आणि दुसरंही लिहूनच टाकते. परक्याची मुलगी असती तर तू 'संशयास्पद, गाठ काढून पाठवावी' एवढंच लिहून गप्प बसला असतास. ही घरची. आपल्या हातून काही निसटलं तर, या धास्तीनं तू थेट शेवटचा शब्द लिहून मोकळा झालास. तू घाबरलास, दादा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या घाबरण्यावर उद्या सुरी चालणार आहे.

मी माझी लॅब वेगळी केली त्या दिवशी तू सगळ्या स्टाफसमोर म्हणालास, "हिला स्लाइडमध्ये पेशी दिसत नाहीत, कथा दिसतात." असेल. एका तुकड्यावरून बोलतेय, मी चुकूही शकते. मी चुकले तर पोरीला पुन्हा एकदा टेबलावर घ्यावं लागेल. तू चुकलास तर तो चेहरा परत मिळायचा नाही.

सर्जनला मी फोन केला होता. तो म्हणाला, "मॅडम, रिपोर्ट तुमच्या बंधूंचा आहे. ते म्हणाले तर थांबतो." एवढं वजन आहे तुझ्या शब्दाला, मला तेवढंच उसनं हवंय. आधी फक्त गाठ काढा, ती कापून बघू, असं त्याला सांग. माझं नाव घेताना जीभ जड होत असेल तर घेऊ नकोस. पण आज सांग.

बहीण

१७ मार्च

दादा,

तू मला उत्तर पाठवलं नाहीस. सर्जनकडून कळलं. "तुमचे बंधू म्हणाले, माझा रिपोर्ट बाजूला ठेवा, गाठ तेवढी काढा आणि माझ्या बहिणीकडे पाठवा." मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. त्याला वाटलं, फोनची लाइन खराब आहे.

गाठ आली. सुरी फिरवली तर करकरली, पात्याला खाच पडली. चुना इतका की आम्लात बुडवून मऊ करावी लागली, म्हणून वेळ गेला. मध्ये धाकटीचे फोन.

"झालं का गं?"

"भिजतेय."

"भिजवलीस का? वाईट आहे म्हणून?"

"टणक आहे म्हणून."

"टणक म्हणजे वाईट ना?"

"टणक म्हणजे टणक. ठेव फोन."

फार तुसड्यासारखी बोलले तिच्याशी. चुना दुसऱ्याही गाठींत धरतो, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. त्या एका फिक्या तुकड्यावर मी पोरीला पणाला लावलं होतं. तो तुकडा कातडीचा साधा पापुद्रा निघाला असता तर? हे विचारायला मला जगात एकच माणूस होता, आणि त्याला मी नुकतंच भित्रा म्हटलं होतं.

आज सकाळी काप बघितले. कडेला तुझ्या त्याच काळ्या पेशी. आत सरकावं तसं एकेकीचं केंद्रक विरत जातं, आणि मध्यभागी भूतांची अख्खी वसाहत. चुना, आणि तो गिळायला बसलेल्या अवाढव्य पेशी. पायलोमॅट्रिकोमा, तीच केसाच्या मुळाची गाठ. कॅन्सर नाही, पूर्ण निघालीय, नसेला कोणी हात लावलेला नाही. तुझ्या काचेवरच्या पेशी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी अर्धंच सांगितलं, आणि उरलेलं अर्धं बोळ्याला लागलं.

आता वहिनींचं ऐक. काल त्यांचा फोन आला, पाठीचा शब्द न काढता. "हे सुया करत नाहीत म्हणे आता. पेशंट आले की दुसरीकडे पाठवतात." दादा, एका चुकीसाठी दुकान बंद करणं हा पश्चात्ताप नव्हे, ती ऐट आहे. मी चुकतच नाही, असं समजणाऱ्यालाच ती परवडते. पुसायचं थांबव, सुई कशाला थांबवतोस?

रिपोर्ट सोबत आहे. धाकटीला अजून कळवलेलं नाही आणि मला हे फार वेळ जमायचं नाही, मन खातंय. पण तो शब्द तिच्या घरात तू नेलास, बाहेरही तूच काढायला हवास. मी फोनवर सांगितलं तर त्या दोघी हसतील, रडतील, सगळं होईल. फक्त पुढच्या वेळी तू गेलास की दार उघडताना धाकटी जराशी थबकेल, आणि ते तुला दिसेल. जन्मभर दिसत राहील.

गाडीवाला हे पाकीट देऊन खाली थांबलाय. तुझ्याकडून तो धाकटीकडेच जाणार आहे, तुला घेऊन जा असं मी त्याला बजावलंय. चपला घाल आणि उतर. काय बोलायचं ते जुळवत बसू नकोस. दारात उभा राहून "नाहीये" एवढं म्हटलंस तरी पुरे.

त्या दोघी फोनकडे बघत बसल्यात. मीही.

तुझ्या पाठची