झाडलेली गल्ली

आबा, आज मी एका गल्लीला स्लम लिहून आले. टॅबलेटवर गल्लीभोवती रेषा ओढली, ती बंद केली आणि यादीतून तो शब्द निवडला. शहराचे नकाशे करणं हे माझं काम आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते, म्हणून सांगते.

त्या शब्दाची व्याख्या मला पाठ आहे. दाटीची घरं, हवा-उजेड कमी, पाणी आणि संडासाची सोय नाही. थोडक्यात, राहायला अयोग्य जागा. सगळं जागेबद्दल आहे, माणसाबद्दल काही नाही. वापरताना मात्र तो माणसालाच लागतो. इंदूरच्या हॉस्टेलमध्ये मी कपडे भिजवून ठेवले की रूममेट म्हणायची, "क्या स्लम जैसा कर रखा है!" मी हसायचे आणि बादली उचलायचे. ऑफिसातले साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, फॉर्म बाद में. पहले नाक से देखो." मी त्यांना काही बोलले नाही. तुम्हाला बोलते आहे, कारण तुम्ही उलट बोलू शकत नाही.

तो दिवस आठवतो? मी सात वर्षांची आहे. आपल्या गल्लीत सर्वेवाले येणार आहेत. जी गल्ली स्लमच्या यादीत जाईल तिला आधी नळ, हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही पॉवरलूमवर गेला आहात. माय म्हणते, "साहेब येतायत, घाण दिसली तर काय म्हणतील?" दारी कोणी येणार म्हटलं की आपल्या बायकांना दुसरं सुचतच नाही. त्या खराट्याने नाली घासतात, ओटे धुतात. मी तेराही दारांपुढे रांगोळी काढते. साहेब चांगल्या कपातला चहा पितो आणि म्हणतो, "इतनी साफ गली! इसमें स्लम जैसा क्या है, बहनजी?" चहाचं पाणी कुठून आणलं, हे तो विचारत नाही.

संध्याकाळी तुम्ही आलात, केसांत कापसाचे तंतू तसेच. "रांगोळी कोणी काढली?" मी ऐटीत हात वर केला. तुम्ही दारोदार जाऊन तेराही रांगोळ्या पायाने पुसल्यात. "अक्कल आहे का? आज घाण ठेवायची होती, घाण!" शेजारची काकू म्हणाली, "घ्या, आता रांगोळीच प्या." सगळे हसले. मी हसले नाही.

पण राग त्याचा नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन कचेरीत गेलात. त्याच साहेबापुढे हात जोडलेत आणि म्हणालात, "साहब, हम स्लम ही हैं." गल्ली नाही, आबा. हम. तुमचं बोट धरून मी उभी होते, धुतलेला फ्रॉक घालून. साहेबाने मान वर केली नाही. यादी गेली होती. माय आणि मी पुढे कित्येक वर्षं शेजारच्या गल्लीतून हंडे आणले. नळ आला तेव्हा तुम्ही नव्हतात. त्या एका शब्दासाठी मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

हे पत्र तुमच्या फोटोमागेही ठेवता येणार नाही. माय दर शनिवारी फोटो पुसायला काढते. फाडून टाकीन. त्याआधी एवढंच. काल मी या आजच्या गल्लीत सर्वेचा निरोप द्यायला गेले होते. एक पोरगी खराटा घेऊन धावत आली. "दीदी, उद्या सर्वे आहे ना? आम्ही एकदम चकाचक करून ठेवू!" नाली घासलेली आहे का, असा रकाना माझ्या फॉर्ममध्ये नाही. पण साहेब फॉर्म वाचत नाहीत, फोटो बघतात. मी म्हटलं, "उद्या झाडू नकोस." तिने विचारलं, "का?" मी टॅबलेटमध्ये बघत राहिले.

आज नाली तुंबलेली होती. फोटो चांगला आला. पोरगी दारात उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती. त्यांना नळ येईल.

मी तिला हळू आवाजात सांगितलं होतं, आबा. तुमच्या-माझ्यात एवढाच फरक निघाला.