कीथला माझी बीअर पुरत नाही

११ जानेवारी, शनिवार
आज बाटलीबदल क्लबात पहिल्यांदा गेलो. क्लब म्हणजे पबच्या मागची खोली, नऊ ब्रिटिश माणसं आणि मी. घरी केलेली बीअर आणायची, चिठ्ठ्या टाकून जोडीदार ठरवायचा, वर्षभर त्याच्याशी बाटल्यांची अदलाबदल करायची आणि एकमेकांना अभिप्राय द्यायचा. मला कीथ आला. ट्रामच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला, कमी बोलणारा. अलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिलकडून भाड्यानं घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, भाजी लावतो. साधा माणूस. अशांची जीभ खरी असते.

माझी गोडा मसाला घातलेली काळी बीअर, गोडा मसाला स्टाउट, सगळ्यांनी एकेक घोट घेतली. मॉरीन, म्हणजे अध्यक्षीणबाई, म्हणाल्या, व्हेरी इंटरेस्टिंग. बाकीच्यांच्या बीअरला त्या नुसतं नाइस म्हणाल्या होत्या.

पहिल्याच दिवशी एवढं पुरे.

१२ जानेवारी
क्लबवाले बाटल्या केमिकलनं धुतात. हसू आलं. आईनं जन्मभर लोणच्याच्या बरण्या धुऊन उन्हात वाळवल्या, कधी बुरशी धरली नाही. मीही बाटल्या धुऊन कन्झर्व्हेटरीत, काचेच्या खोलीत, उलट्या मांडल्या आहेत. ऊन आलं की झालं.

१५ जानेवारी
ऊन नाही.

१९ जानेवारी
ऊन नाही. दुपारी जरा उजेड पडला. त्यालाच ऊन मानलं आणि बाटल्या भरल्या. परंपरेत थोडी लवचीकता हवी.

८ फेब्रुवारी, शनिवार
क्लब. कीथचा अभिप्राय शब्दशः लिहून ठेवतो: असं काही मी आयुष्यात कधी प्यायलो नव्हतो. मग त्यानं विचारलं, ती अशीच व्हायला हवी होती का. म्हटलं, अगदी अशीच. तो बराच वेळ मान हलवत होता. भारावला असावा.

मग मी त्याच्या बीअरबद्दल बोललो. पाणचट आहे, माल्टचा पत्ता नाही, घाई नडली. लोक लक्ष देऊन ऐकत होते. मॉरीनबाईंनी क्लबचा नियम सांगितला की आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या आणि मग एक सूचना. म्हटलं, आम्ही पुण्याचे, आमच्याकडे थेट सूचनेपासून सुरुवात करतात, वेळ वाचतो. कीथ म्हणाला, फेअर इनफ. मोठा माणूस.

१६ फेब्रुवारी
मायराला सगळे अभिप्राय वाचून दाखवले. म्हणाली, बाबा, इंटरेस्टिंग म्हणजे वाईट. ब्रेव्ह म्हणजे खूप वाईट. आणि ‘कधी प्यायलो नव्हतो’ म्हणजे ते परत पिणार नाही. वर म्हणे, तुझी बीअरचा वास माझी ब्लेझरला येते.

सतरा वर्षांची पोर. इथंच जन्मली, म्हणून तिला वाटतं इंग्रजी तिला जास्त कळतं. मी बावीस वर्षं कौन्सिलच्या रिसायकलिंग विभागात इंग्रजीत तक्रारी वाचतोय.

२४ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसात जाहीर झालं: माणसं कमी करायची आहेत, ज्यांना स्वेच्छेनं जायचं असेल त्यांनी नाव द्यावं. नियती दार वाजवते ती अशी. नाव दिलं. ३० मेला सही केली की मोकळा. मग स्वतःची ब्रुअरी. आधी गॅरेजमध्ये, पुढे बघू.

संध्याकाळी वैजयंतीला सांगितलं. ती म्हणाली, घराचे हप्ते आहेत, मायराचं युनिव्हर्सिटीचं वर्ष येतंय, माझ्या एकटीच्या हॉस्पिटल फार्मसीच्या पगारात हे भागणार नाही, आणि हे तुलाही माहीत आहे. तरी मी तुला अडवणार नाही. फक्त एकच अट. कोणीतरी एक माणूस, घरचा नको, तुझ्यासमोर एक पूर्ण ग्लास संपवू दे. मग खुशाल सही कर.

म्हटलं, एवढंच? उद्याच आणतो.

तिनं विचारलं, तू स्वतः का पीत नाहीस. मला अॅसिडिटी आहे हे तिला माहीत असून विचारते. हलवाई कधी स्वतःचे पेढे खातो का?

३ मार्च
एअरिंग कपाटात, म्हणजे कपडे सुकवायच्या उबदार कपाटात, ठेवलेल्या चार बाटल्या फुटल्या. यीस्ट जोमात आहे याचा पुरावा. वैजयंतीचा युनिफॉर्म आणि सगळे टॉवेल त्याच कपाटात होते. आज हॉस्पिटलात तिला तीन पेशंटांनी विचारलं की जेवायला काय आहे.

ठराव: यापुढे बाटल्या शेडमध्ये.

८ मार्च, शनिवार
क्लब. कीथला म्हटलं, इथंच, माझ्यासमोर एक ग्लास होऊन जाऊ दे. म्हणाला, घरी नेतो, इथं वाया जाईल. रसिक माणूस, त्याला एकांत हवा. पण मग जाता जाता त्यानंच हळूच विचारलं, अजून मिळेल का. सहा बाटल्या.

सहा. इतरांकडून लोक एकेक नेतात.

घरी येऊन वैजयंतीला सांगितलं. म्हणाली, नेणं वेगळं, पिणं वेगळं. बायकांना धंद्यातलं कळत नाही असं म्हणणार होतो, पण हप्ते तीच भरते, म्हणून म्हटलं नाही.

२२ मार्च
बॉयलर दुरुस्त करायला माणूस आला. त्याला ग्लास भरून दिला. एक घोट घेऊन म्हणाला, व्हॅन चालवायची आहे. बॉयलर अर्धाच उघडा टाकून गेला. कामसू लोक.

२९ मार्च
कीथचा फोन. सहा संपल्या. पाऊस पडतोय ना, ओल्या हवेत जास्त लागते, म्हणाला. साहजिकच आहे. पावसात माणसाला काहीतरी गरम, मसालेदार लागतंच. एक तांत्रिक सूचनाही दिली: गॅस नसला तरी चालेल, गाळली नाही तरी चालेल, खाली बसलेला गाळ उलट जास्त हवा. खऱ्या जाणकाराची लक्षणं. गाळण्याचं काम वाचलं ते वेगळं.

१२ एप्रिल, शनिवार
क्लबला कीथ रिकामी पिशवी घेऊन आला. बारा बाटल्या नेल्या. मॉरीनबाईंनी ते पाहिलं आणि कीथकडे असं बघितलं की काय सांगू. त्यांच्या बीअरला मागच्या वर्षी बक्षीस मिळालंय. असूया फार वाईट.

बदल्यात कीथनं पालक आणि दोन लेट्यूस दिली. लेट्यूसला एक भोक नाही. वैजयंतीनं हातात घेऊन निरखून बघितली. म्हणाली, असं करायला मेहनत लागते, बीअरवाल्यांत हाच एक कामाचा दिसतो.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
माझा मेहुणा राजीव एडिनबराहून चार दिवसांसाठी आलाय. डॉक्टर आहे, चवीनं पिणारा. घरचा मोजायचा नाही अशी अट आहे खरी, पण मेहुणा अर्धा बाहेरचाच. ग्लास पुढे केला. ओठ लावून म्हणाला, भावोजी, मी ऑन-कॉल आहे.

२१ एप्रिल
राजीव गेला. चारही दिवस ऑन-कॉल होता. त्याचं हॉस्पिटल चारशे मैलांवर आहे. केवढी ती निष्ठा.

३ मे
काळजीची गोष्ट. कीथ फोनवर सहज बोलून गेला की सकाळी सातलाच बघतो, सगळं ओतून टाकतो आणि लगेच पुन्हा भरतो. सकाळी सातला! माणूस एकटा राहतो, बायको जाऊन तीन वर्षं झाली. आता कळलं, बारा बाटल्या इतक्या लवकर कशा जातात.

माझ्या हातून हे झालंय. कला इतकी वर जाते की माणूस तिच्याखाली दबतो. आज जेवण गेलं नाही. पोहे तेवढे दोनदा घेतले.

४ मे
ठराव: कीथला यापुढे एकही बाटली नाही.

५ मे
त्याचा फोन. आठवडाभर पावसाचा अंदाज. आवाज इतका काकुळतीचा की दहा देऊन आलो. एकदम बंद केलं तर शरीराला धक्का बसतो, असं वैजयंतीच औषधांबद्दल सांगत असते. त्याच्या दारात उभा राहून म्हटलं, आता माझ्यासमोर एक ग्लास घे. म्हणाला, आज नको, मिलिंद. नजर चुकवत होता. बिचाऱ्याला लाज वाटते.

१० मे, शनिवार
क्लब. कीथ आला नव्हता. सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, माझ्या बीअरमुळे आपला एक मित्र व्यसनात बुडतोय आणि ही जबाबदारी मी घेतो. एकजण छताकडे बघत होता, एकजण खोकायला लागला तो बाहेरच गेला. मॉरीनबाई फार हळू आवाजात म्हणाल्या, मिलिंद, तू एकदा त्याच्या अलॉटमेंटवर जाऊन प्रत्यक्ष बघ. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मनानं चांगल्या आहेत.

१९ मे
मॅनेजरनं आठवण करून दिली की ३० तारखेला सही करायची आहे. अजून एकही ग्लास संपलेला नाही, हे मान्य. पण वैजयंतीच्या अटीचा आशय बघायला हवा. एक माणूस माझ्या बीअरपायी आयुष्य ओवाळून टाकतोय आणि मी एका ग्लासाचा हिशेब करत बसू? हे तिला सांगितलं. ती म्हणाली, ग्लास. मग कणीक मळायला लागली. नंतर बघितलं तर तिनं आठवड्याच्या दोन जादा शिफ्टसाठी नाव दिलंय. मला सांगितलं नव्हतं.

हे मला लागलं. तिनं बोलायला हवं होतं.

२९ मे, गुरुवार
सुट्टी काढून अलॉटमेंटवर गेलो. दारू कमी करण्याचं माहितीपत्रक वैजयंतीच्या फार्मसीतून घेतलं होतं. काय बोलायचं ते ट्राममध्ये घोकत गेलो.

कीथ वाफ्यात वाकला होता. शुद्धीत. लेट्यूसच्या रांगांमध्ये दह्याचे रिकामे डबे मातीत काठापर्यंत पुरलेले. प्रत्येक डब्यात काळं पाणी. वास ओळखीचा आला, गोडा मसाला. वाकून बघितलं. माझी स्टाउट. आणि तिच्यात बिनशंखाच्या गोगलगायी, मेलेल्या, फुगलेल्या, एकीवर एक.

कीथ लाजलाबिजला नाही. म्हणाला, इथं सगळेच बीअर पुरतात. गोगलगायी वासानं येतात, आत पडतात, बुडतात, पानं वाचतात. दुकानातल्या लागर बीअरमध्ये रात्रीतून दोन-तीन सापडतात. मॉरीनच्या बक्षीसवाल्या बीअरला तर वळसा घालून जातात. पण तुझ्या बीअरसाठी शेजारच्या वाफ्यांतून, कुंपणाखालून येतात. हे सांगताना त्याच्या आवाजात कौतुक होतं आणि ते खरं होतं, म्हणून जास्त बोचलं. वर वर एवढा गरीब माणूस. गोगलगाय आणि पोटात पाय.

विचारलं, तू स्वतः? म्हणाला, जानेवारीतली पहिली बाटली, अर्धी. नंतर नाही. तू क्लबात आलास तेव्हा इतका खूश दिसत होतास की सांगवलं नाही. मार्चमध्ये गोगलगायी आल्या, मग सांगायची गरजच उरली नाही.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. उलट्या बादलीवर बसलो आणि कधी कोणाला न सांगितलेलं सगळं सांगितलं. नोकरी, उद्याची सही, वैजयंतीची अट. शेवटी म्हटलं, एक ग्लास पी माझ्यासमोर. एकच. कीथनं हात पुसले, शेडमधून ग्लास आणला, बाटली उघडली, भरला. फेस त्याच्या बुटांवर गेला. त्यानं ग्लास हातात धरला. मग म्हणाला, तुझ्यासाठी मी हे पिईन रे, तेवढं करीन. पण मग तू उद्या सही करशील. म्हणून नाही पीत.

आणि जवळच्या डब्यात ओतला.

बावीस वर्षांत कुठल्याही इंग्रजानं माझ्याशी इतकं सरळ बोललेलं आठवत नाही. माहितीपत्रक खिशातच राहिलं.

३० मे, शुक्रवार
नाव मागे घेतलं. मॅनेजरसाठी दोन वाक्यं तयार केली होती, अनुभव, बांधिलकी वगैरे. ती म्हणाली, ओके, आणि स्क्रीनकडे वळली. मला जायचं होतं हे तिच्या लक्षातच नव्हतं.

घरी सांगितलं. वैजयंती उठली. फोन घेऊन खोलीत गेली, जादा शिफ्ट रद्द केल्या आणि येऊन माझ्याशेजारी बसली. बराच वेळ बसली.

३१ मे
बीअर बंद. कायमची. बीअर आंबवायचा फर्मेंटर रिसायकलिंग सेंटरला देणार, कुठल्या डब्यात टाकायचा ते मला पाठच आहे. आता सावरडो ब्रेड. ब्रेड करणाऱ्यांचा इथं फार चांगला ग्रुप आहे म्हणे, आपापले नमुने आणतात आणि अभिप्राय देतात.

१ जून, रविवार
कीथचा फोन. आठवडाभर पाऊस. शेजारच्या तीन वाफेवाल्यांनाही हवी आहे, जमलं तर वीस बाटल्या.

सकाळपासून माल्ट उकळतोय. वैजयंती नाकाला पदर लावून स्वयंपाकघराच्या दारात आली आणि विचारलं, आता कोण पिणार आहे हे. म्हटलं, ऑर्डर आहे.