घशात काही नव्हतं

४ फेब्रुवारी
बाळ्याचा सकाळीच फोन. "ताई, गाईच्या घशात काहीतरी अडकलंय." मी म्हणाले, "हात घालून बघ." वीस वर्षं जनावरांची डॉक्टर आहे मी, आणि सख्ख्या भावाला हे सांगितलं! पोचले तर लाळेच्या तारा लोंबतायत, आवाज घोगरा, मागचे पाय लटपटतायत.

"कुठलं जनावर चावलं होतं का हिला?"

"महिन्यापूर्वी कोल्हा शिरला होता गोठ्यात. नाकाला जरासं लागलं होतं."

घशात काही नव्हतं. पिसाळलीय ती. बाळ्याचा हात साबणाने धू-धू धुतला — भेगाच भेगा! — आणि तसाच दवाखान्यात नेला. पहिली सुई त्याला, दुसरी मला. रेड्यासारखा दांडगा माणूस, सुई बघून डोळे मिटून बसला.

त्याची बायको चिमी कामावर गेली होती. निरोप ठेवला — कालपासून तूच चारा भरवत होतीस, तूही लस घेऊन ये. उद्याच!

६ फेब्रुवारी
गाय मेली. डोकं तपासणीला पाठवलं. चिमीला फोन केला. "जाऊन आले, ताई," म्हणाली. बरं वाटलं.

९ फेब्रुवारी
रेबीजच.

४ मार्च
बाळ्याची शेवटची सुई झाली. सुटलो एकदाचे!

२६ मार्च
चिमीचं बोट झिणझिणतंय. विळ्याने कापलं होतं तेच, जानेवारीच्या शेवटी. जखम कधीच भरलीय. अंगात कणकण. "मुंग्या चावल्यासारखं होतं हो," म्हणाली. मी चटकन गाडी काढली.

बाळ्याने कपाट उपसलं. लसीचं कार्ड एकच — त्याचं. तिचं नाहीच.

२८ मार्च
इस्पितळ. तहानेने जीव चाललाय तिचा. पेला स्वतःच हातात घेते, ओठांपर्यंत नेते — आणि गळा असा आवळतो की पेला भिंतीवर! पंखाही सहन होत नाही. बंद केलाय.

"ताई, ही पाणी का पीत नाही?" बाळ्या विचारत राहतो. सांगितलं त्याला. ऐकलं की नाही, कोण जाणे.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला मी काय सांगू?" झोपेचं औषध देतात. बाकी काही नाही. जगात कुणाकडेच नाही.

दुपारी थोडी शुद्धीवर होती. "मी कुणाला चावणार नाही ना?" मी हातमोजे घालून तिचा हात धरला. हातमोजे घालून! लस घेतली नव्हतीस का, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. आता विचारून काय?

३१ मार्च
गेली.

३ एप्रिल
बाळ्या भिंतीशी बोलतो. "खोटं बोलली. सुईला घाबरली आणि खोटं बोलली." खरं सांगायचं तर मलाही तिचा राग येतोय. मेलेल्या माणसाचा राग!

५ एप्रिल
तिच्या पर्समध्ये दवाखान्याचा कागद सापडला. ५ फेब्रुवारीचा. 'गाईची लाळ, बोटाला जखम. चावा नाही. लसीची गरज नाही.' खाली सही, शिक्का.

गेली होती ती.